उघड्यावरील निसर्गचित्रणाचे सहाध्ययन

चित्रशाळेच्या चार भिंती सोडून प्रत्यक्ष स्थळी, डोळ्यांसमोरील प्रकाशात निसर्गदृश्य रंगविण्याच्या पद्धतीस उघड्यावरील निसर्गचित्रण असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ही पद्धती पूर्ण विकास पावली. तिचे एक वैशिष्ट्य असे, की ती प्रामुख्याने कोणत्याही विद्यालयात शिकविली गेली नाही. चित्रकार ती एकमेकांशेजारी बसून शिकले. एकाच स्थळी, एकाच प्रहरी, एकाच दृश्यासमोर दोघातिघांनी काम करावे व नंतर आपापली चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, हाच या शिक्षणातील मुख्य पाठ होता. दृश्य समान असल्याने चित्रांत जो भेद उरे, तो दृष्टीचा आणि हाताचा असे. चित्रकाराची स्वतंत्र शैली ही सामान्यतः एकाकी प्रतिभेची निर्मिती मानली जाते. तथापि ती ज्या भेदातून ओळखू येते, तो भेद पुष्कळदा सोबत्यानेच दाखवून दिला, असे या इतिहासावरून दिसून येते.

पार्श्वभूमी : फ्रेंच अकादमीच्या परंपरेत ऐतिहासिक, पौराणिक व धार्मिक विषयांवरील चित्रांना सर्वोच्च स्थान होते आणि निसर्गचित्रणाचा दर्जा कनिष्ठ मानला जाई. हा दर्जा उंचावण्याचा प्रयत्न प्येअर-आंरी द वालांस्येन (१७५०–१८१९) याने केला. यथादर्शनावरील आपल्या ग्रंथात (१८००) त्याने विद्यार्थ्यांना उघड्यावर तैलरंगात अभ्यासचित्रे करण्याचा उपदेश केला. प्रकाश सतत पालटत असल्यामुळे असे चित्र फार तर दोन तासांत, आणि सूर्योदय वा सूर्यास्त यांचे असल्यास अर्ध्या तासात पुरे करावे, असा दंडक त्याने घालून दिला. मात्र अशी चित्रे म्हणजे केवळ पूर्वतयारी होय. प्रदर्शनीय कृती चित्रशाळेतच रचावयाची, हे त्यालाही मान्य होते. १८१७ मध्ये ऐतिहासिक निसर्गचित्रणासाठी ‘रोम पारितोषिक’ प्रथमच देण्यात आले. त्याचा मानकरी आशीय-एत्ना मीशालाँ (१७९६–१८२२) हा होता. दर चार वर्षांनी दिले जाणारे हे पारितोषिक १८६३ मध्ये बंद झाले.

इटलीत गेलेल्या चित्रकारांमध्ये सहाध्ययनाची प्रथा रुळली. मीशालाँचा शिष्य झां-बातीस्त-कामीय कॉरो (१७९६–१८७५) हा १८२५ ते १८२८ या काळात तेथे होता. रोम व त्याच्या परिसरात त्याने आलीन्यी, एद्वार बेर्तँ आदी समवयस्कांबरोबर हिंडून चित्रे काढली. आरंभी हे सोबती त्याची थट्टा करीत. परंतु तो कलोसियमचे दृश्य रंगवीत असता आलीन्यीने ते पाहिले आणि आपल्या मंडळींत त्याचे श्रेष्ठत्व उघडपणे मान्य केले, अशी आख्यायिका आहे. फार्नेझी उद्यानातून दिसणाऱ्या कलोसियमचे कॉरोचे अभ्यासचित्र (१८२६) आज लूव्ह्र संग्रहालयात आहे.

साधने व दळणवळण : पूर्वी घोटलेले तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवीत. पिशवी एकदा टोचली, की ती नीट बंद करता येत नसे व रंग वाळून जाई. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये दाबून रंग काढता येईल अशा कथलाच्या नळीचे एकस्व मिळविले. त्यामुळे तयार रंग दूरवर नेणे सुलभ झाले. याच सुमारास लोहमार्गांचे जाळे पसरू लागले. पॅरिसहून लोहमार्ग १८४७ मध्ये ल हाव्र बंदरापर्यंत व १८४९ मध्ये फाँतेनब्लोपर्यंत पोहोचला. चित्रकारांना नदीकाठ, अरण्य व समुद्र ही सर्व स्थळे थोड्या खर्चात गाठता येऊ लागली आणि सोबतीने जाण्याची सवय वाढली.

बार्बिझाँ : फाँतेनब्लोच्या अरण्यालगतचे बार्बिझाँ हे खेडे अशा सोबतीचे पहिले महत्त्वाचे केंद्र ठरले. तेथील गान नामक कुटुंबाच्या खाणावळीत चित्रकार उतरत, दिवसभर अरण्यात काम करीत आणि संध्याकाळी परतल्यावर एकमेकांच्या कामावर बोलत. या खाणावळीची कपाटे, दारे आणि भिंतीदेखील त्यांनी रंगविल्या. ती वास्तू आता संग्रहालय आहे. तेओदोर रूसो (१८१२–६७) हा या मंडळींत प्रमुख होता. ‘सालाँ’ या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी १८३६ पासून अनेक वर्षे त्याची चित्रे नाकारली. त्यामुळे तो ‘थोर बहिष्कृत’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १८४९ मध्ये पॅरिसमधील पटकीच्या साथीमुळे झां-फ्रांस्वा मिले (१८१४–७५) हा चित्रकार शार्ल झाक याच्याबरोबर सहकुटुंब बार्बिझाँला आला व तेथेच स्थायिक झाला. अरण्यातील जुने वृक्ष तोडले जाऊ नयेत म्हणून रूसोने शासनाकडे दाद मागितली. अशा प्रयत्नांमुळे १८६१ च्या आज्ञेने सुमारे १,१०० हेक्टर वन कलात्मक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून राखून ठेवण्यात आले. या संप्रदायातील बहुतेक चित्रकार उघड्यावर आरंभिलेली चित्रे चित्रशाळेत पूर्ण करीत. शार्ल-फ्रांस्वा दोबीन्यी (१८१७–७८) याने मात्र १८५७ मध्ये नावेचीच चित्रशाळा केली आणि नदीच्या पात्रातून चित्रे रंगविली.

बूदँ आणि मॉने : ल हाव्र येथे क्लोद मॉने (१८४०–१९२६) हा किशोरवयात व्यंगचित्रे काढून विकत असे. ती ज्या दुकानात मांडली जात, तेथेच अझेन बूदँ (१८२४–९८) याची सागरदृश्येही असत. आरंभी मॉनेला ती मुळीच आवडत नसत. १८५८ मध्ये बूदँच्या आग्रहावरून तो त्याच्याबरोबर गावाबाहेर रुएल येथे चित्र काढण्यास गेला. बूदँने व्याख्यान दिले नाही. स्वतः ईझल मांडून तो रंगवू लागला आणि मॉने ते पाहत राहिला. आपले डोळे त्या दिवशी उघडले, असे मॉने उतारवयातही सांगत असे. त्या वेळचे त्याचे रुएलचे दृश्य उपलब्ध आहे. पुढे १८६२ मध्ये योहान बार्टोल्ड याँगकिंट (१८१९–९१) या डच चित्रकाराचा सहवास त्यास लाभला व त्याचेही ऋण त्याने मान्य केले.

शायी येथील मित्रमंडळ : १८६२ मध्ये मॉने पॅरिसला शार्ल ग्लेर याच्या चित्रशाळेत दाखल झाला. तेथे त्याची ओग्यूस्त रन्वार (१८४१–१९१९), आल्फ्रेद सिस्ले (१८३९–९९) व फ्रेदेरिक बाझीय (१८४१–७०) यांच्याशी मैत्री झाली. १८६३ च्या वसंतात मॉने व बाझीय बार्बिझाँजवळील शायी येथे चित्रे काढण्यासाठी गेले. बाझीय हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. १८६५ मध्ये शायी येथेच मॉनेच्या पायाला इजा झाली, तेव्हा जखमेवर थेंबथेंब पाणी पडत राहील अशी योजना त्याने पलंगावर केली आणि अंथरुणाला खिळलेल्या मित्राचे चित्रही रंगविले. या मैत्रीला आर्थिक बाजूही होती. मॉनेने ‘उद्यानातील स्त्रिया’ (१८६६) हे अडीच मीटरांहून उंच चित्र उघड्यावर रंगविले व त्यासाठी कॅनव्हस खाली-वर करता यावा म्हणून जमिनीत चर खणला. १८६७ च्या सालाँने ते नाकारले. तेव्हा बाझीयने ते २,५०० फ्रँकना विकत घेतले आणि ही रक्कम दरमहा ५० फ्रँकच्या हप्त्यांनी देण्याचे मान्य केले.

ला ग्रनूयेर : १८६९ च्या उन्हाळ्यात मॉने व रन्वार यांनी सेन नदीवरील ला ग्रनूयेर या नौकाविहाराच्या व स्नानाच्या ठिकाणी शेजारी-शेजारी बसून केलेली चित्रे दृक्प्रत्ययवादाच्या इतिहासात मोलाची मानली जातात. दोघेही त्या वेळी अत्यंत विपन्नावस्थेत होते. रन्वार आपल्या आईवडिलांच्या घरून पाव आणून देतो म्हणून उपासमार टळते, असे मॉनेने बाझीयला पत्रातून कळविले होते. रंग संपल्याने काम थांबावे, असेही प्रसंग येत. मॉनेचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, तर रन्वारचे स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन्ही चित्रांत मधले लहान गोल बेट, त्यावरील झाड व नावा त्याच आहेत. मॉनेने पाण्यावरील प्रतिबिंबे रुंद, आडव्या व सुट्या फटकाऱ्यांनी घातली. माणसे त्याला प्रकाशातील ठिपक्यांइतकीच महत्त्वाची वाटली. रन्वारचा कुंचला अधिक मृदू असून त्याचे लक्ष पोशाखांकडे व माणसांच्या वावराकडे आहे. सुट्या रंगांच्या फटकाऱ्यांतून हलते पाणी दाखविण्याची युक्ती दोघांनी मिळून साधली. पण त्याच युक्तीने दोघांचे मार्ग वेगळे असल्याचेही स्पष्ट केले.

१८७० च्या फ्रँको-प्रशियन युद्धाने हे मंडळ विखुरले. २८ नोव्हेंबर १८७० रोजी बोन-ला-रोलांद येथील लढाईत बाझीय वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मारला गेला. कामीय पीसारो (१८३०–१९०३) याचे लूव्हस्येन येथील घर प्रशियन सैन्याने व्यापले व तेथे ठेवलेल्या त्याच्या बहुसंख्य चित्रांचा नाश झाला. पीसारो आणि मॉने हे दोघेही त्या काळात लंडनला होते. तेथे त्यांनी टर्नर व कॉन्स्टेबल यांच्या कृती पाहिल्या.

आर्जांतय : युद्धानंतर मॉने १८७१ ते १८७८ पर्यंत सेनकाठच्या आर्जांतय या गावी राहिला व ते मित्रांचे भेटीचे ठिकाण बनले. दोबीन्यीप्रमाणे त्यानेही नावेत चित्रशाळा थाटली. १८७४ च्या एप्रिलमध्ये या चित्रकारांनी पॅरिसमध्ये सालाँबाहेर स्वतःचे प्रदर्शन भरविले. त्याच उन्हाळ्यात एद्वार माने (१८३२–८३) आर्जांतयला आला. त्याने मॉनेच्या बागेत बसलेल्या मॉने कुटुंबाचे चित्र सुरू केले. तेवढ्यात रन्वार आला, त्याने रंग मागून घेतले आणि मानेशेजारी बसून तोच विषय रंगविला. रंगविणाऱ्या मानेचे चित्र मॉनेने काढले. माने या दोघांहून वयाने व कीर्तीने मोठा होता. तरीही उजळ रंगमेळ व मोकळा कुंचला त्याने या कनिष्ठांच्या सहवासातच अंगीकारला. या सहाध्ययनात गुरू आणि शिष्य या भूमिका कायमच्या ठरलेल्या नव्हत्या. पुढे पीसारोनेही आपल्याहून २९ वर्षांनी लहान असलेल्या झॉर्झ सराची बिंदुचित्रणपद्धती काही काळ अनुसरली.

पीसारो आणि सेझान : सहाध्ययनाचे सर्वांत दीर्घ व फलदायी उदाहरण पीसारो आणि पॉल सेझान (१८३९–१९०६) यांचे होय. सेझानची आरंभीची चित्रे काळपट असून त्यांत रंगांचे जाड थर असत. १८७२ मध्ये तो पाँत्वाझ येथे पीसारोजवळ राहावयास आला व पुढे जवळच्या ओव्हेर येथे राहिला. पीसारोचे लूव्हस्येनचे एक दृश्य (१८७१) मागून घेऊन त्याने त्याची प्रतिकृती केली. त्यानंतर दोघे बरोबर हिंडून चित्रे काढू लागले. सेझानचा रंगमेळ उजळला आणि त्याच्या उतावळ्या हाताला संथपणा आला. ओव्हेर येथील ‘फाशी गेलेल्याचे घर’ (१८७३) हे त्याचे चित्र या बदलाचे साक्षी आहे. दोघांना काम करताना पाहणाऱ्या एका शेतकऱ्याने पीसारो रंग टोचतो आणि सेझान लिंपतो, असा अभिप्राय दिल्याचे सांगतात. १८७७ मध्ये दोघांनी पाँत्वाझ येथील मोब्विसाँची बाग रंगविली. पीसारोच्या चित्रात वसंतातील मोहर व हवेचा ओलावा जाणवतो; सेझानने तोच उतार, तीच झाडे व घरे परस्परांना धरून ठेवणाऱ्या पृष्ठांच्या रूपात मांडली. शिष्याने गुरूचे सर्व काही घेतले आणि गुरूसारखे चित्र मात्र काढले नाही. असे असूनही सेझानने अखेरच्या वर्षांत एका प्रदर्शनाच्या सूचीत स्वतःचा उल्लेख ‘पीसारोचा शिष्य’ असा करविला. दोघांची ही चित्रे शेजारी मांडणारे एक प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २००५ मध्ये भरले होते.

मर्यादा : सहवास नेहमीच मानवत असे, असे नाही. २३ ऑक्टोबर १८८८ रोजी पॉल गोगँ (१८४८–१९०३) हा आर्ल येथे व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) याच्याकडे राहावयास आला. दोघांनी तेथील प्राचीन दफनभूमीची दृश्ये बरोबरीने रंगविली. पण गोगँ स्मृतीवर व कल्पनेवर भर देई, तर व्हान गॉखला समोरचे दृश्य हवे असे. नऊ आठवड्यांत हा सहवास शोचनीय रीतीने संपुष्टात आला. आर्लला येण्यापूर्वी, त्याच महिन्यात, ब्रतान्य प्रांतातील पाँ-ताव्हेन येथे गोगँच्या मार्गदर्शनाखाली पॉल सेर्यूझ्ये (१८६४–१९२७) याने एका लहानशा लाकडी फळीवर वनदृश्य रंगविले. झाड पिवळे भासत असेल, तर आपल्याजवळील सर्वांत पिवळा रंग लाव, असा गोगँच्या उपदेशाचा आशय होता. पॅरिसमधील तरुण चित्रकारांनी या चित्रास ‘ताईत’ असे नाव दिले. चित्रकार अजूनही निसर्गात शेजारी बसत होते. पण आता पाठ दिसणाऱ्या प्रकाशाचा नसून चित्राच्या स्वायत्त रंगांचा होता.

भारताशी संबंध : या परंपरेचा एक धागा भारतीय चित्रकलेपर्यंत येतो. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) हे १९४० नंतरच्या दशकात जलरंगातील निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध होते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्त्ये-ब्रेसाँ याने त्यांची चित्रे पाहिली. त्यांत बांधणी उणी असल्याचे सांगून त्याने सेझानचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. सेझानची बांधणी स्वतः पाँत्वाझच्या टेकड्यांवर, एका सोबत्याच्या शेजारी बसून घडली होती. शेजारच्या चित्रात आपली उणीव पाहण्याची तयारी आणि तीतून आपला वेगळेपणा ओळखण्याची क्षमता, या दोन गोष्टी या सहाध्ययनाने चित्रकारांना दिल्या.