सव्वादोनशे वर्षं जुनी गळती

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' तेवढं काढून टाकलंय.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ हा आठवडा पाळतात. मी त्या आठवड्यात एका फायर स्टेशनवर प्रात्यक्षिक बघायला गेलो होतो. अपघातात चेपलेल्या गाडीचा दरवाजा फाकवणारं 'स्प्रेडर' टेबलावर होतं, पंप चालू होता आणि खाली रुपयाएवढा तेलाचा डाग. मी इंजिनिअर ना! कुठून गळतंय बघायला सरळ बोट पुढे केलं.

"अहो, हात काय लावताय!" तिथल्या काकांनी माझं मनगटच धरलं.

यात तेलाचा दाब ७०० बारच्या आसपास असतो. आपल्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा तो साधारण १ बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. होजला बारीक छिद्र पडलं, तर सुईपेक्षा पातळ धार कातडीतून आत शिरते. वरून मुंगी चावल्यासारखं दिसतं, पण आत तेल पसरतं. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट कापावं लागू शकतं. म्हणून गळती कधी हाताने शोधायची नाही. काकांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि होजच्या कडेने फिरवला. कपलिंगपाशी पुठ्ठा ओला झाला. पंप बंद केला, दाब सोडला, होज काढली आणि बाजूला ठेवून दिली.

मी म्हटलं, "काका, पण चालतंय ना अजून?"

"आज चालतंय. आत माणूस अडकलेला असताना नाही चाललं, तर?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचायला बसलो. तेव्हा कळलं, की हायड्रॉलिक यंत्रांचा इतिहास हा बराचसा गळतीशी झालेल्या भांडणाचाच इतिहास आहे.

तत्त्व जुनं आहे. बंद द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितलं. म्हणजे छोट्या पिस्टनवर थोडा जोर, मोठ्या पिस्टनवर प्रचंड जोर. पण कागदावरचं तत्त्व आणि चालणारं यंत्र यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षं गेली. १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. अडचण एकच होती, पिस्टनच्या कडेने पाणी गळायचं. पॅकिंग घट्ट आवळलं तर पिस्टन अडकायचा, सैल ठेवलं तर दाबच टिकायचा नाही.

यावरच्या उपायाचं श्रेय साधारणपणे ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराला देतात. त्याने चामड्याची वळलेल्या ओठांची पट्टी बसवली. दाब वाढला की पाणी त्या ओठांच्या आत शिरून त्यांना पिस्टनवर दाबतं. म्हणजे जो दाब गळती करायला बघतो, तोच गळती बंद करतो! दाब उतरला की ओठ सैल पडतात आणि पिस्टन सुटतो. पुढे या पठ्ठ्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नाकारली आणि १७९७ मध्ये तो स्वतःचा कारखाना काढायला बाहेर पडला. आयटीवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?

माझ्या आजीच्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात याच जातीचा चामड्याचा वायसर होता. तो सुकला की पंप मारून हवा भरायची नाही. मग आजी त्याला खोबरेल तेल लावून मऊ करायची. मॉडस्लेचं नाव तिला माहीत नव्हतं, पण त्याचा धडा पाठ होता.

विसाव्या शतकात चामड्याच्या जागी रबर आलं. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेन्सनला १९३९ मध्ये अमेरिकेत ओ-रिंगचं पेटंट मिळालं. खाचेत बसलेली साधी गोल रिंग, आणि तत्त्व तेच : दाब वाढला की ती जास्त घट्ट बसते. दुसऱ्या महायुद्धात ती विमानांच्या हायड्रॉलिकमध्ये पोहोचली.

मग १९६० चं दशक. अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट हा गाड्यांचे गिअर शिफ्टर बनवणारा माणूस शर्यती बघायचा. धडकलेल्या गाडीतून ड्रायव्हरला काढायला तासाहून जास्त वेळ लागलेला त्याने पाहिला. तेव्हा पहारी आणि गोल करवती वापरायचे. करवतीच्या ठिणग्या आणि खाली सांडलेलं पेट्रोल, विचार करा! हर्स्टने हायड्रॉलिक जबडा बनवला. लोक त्याला 'जॉज ऑफ लाइफ' म्हणू लागले. आधी तो शर्यतीच्या मैदानावर होता, मग हलका होत होत अग्निशमन दलांच्या गाड्यांवर चढला.

पण भांडण मिटलं नाही, फक्त त्याची जागा बदलली. काही यंत्रांत आग सहज न धरणारं फॉस्फेट एस्टर द्रव असतं, काहींत खनिज तेल. एकाचं तेल दुसऱ्यात ओतलं की सील फुगतात, खराब होतात. कपलिंगची टोपी लावायची राहिली की धूळ आत जाऊन सीलवर ओरखडे काढते. रिंग जुनी होऊन कडक झाली की गंमत होते : पूर्ण दाबाखाली घट्ट बसते, पण नुसतं ठेवल्यावर पाझरते. म्हणजे 'काम करताना तर गळत नाही' ही खूण दिलासा देणारी नाहीच. आणि बाहेर थेंबही नसताना फाकवलेला जबडा ओझ्याखाली हळूहळू मिटत असेल, तर गळती आत आहे.

म्हणून प्रत्येक वापरानंतर पुसायचं, तेलाची पातळी बघायची, होजवर फुगवटा किंवा खरचटलेलं शोधायचं, जबडा एकदा पूर्ण उघडून मिटवायचा आणि ठेवताना टोकांत थोडी फट ठेवायची, म्हणजे आत दाब अडकत नाही. हल्ली बॅटरीवरची यंत्रं आलीत, त्यांना होजच नाही. पण आत तेल आहे, पिस्टन आहे आणि रिंगही आहे.

आमच्याकडे सर्व्हर बंद पडला तर लोक एक्सवर शिव्या घालतात, रात्री जागून आम्ही तो उभा करतो. काकांच्या यंत्राला दुसरी संधी नसते. म्हणून ते दुपारी, काहीही घडलेलं नसताना, फडकं घेऊन बसतात.

जवळच्या फायर स्टेशनवर प्रात्यक्षिक असेल तर नक्की जा. प्रश्न विचारा, त्यांना सांगायला आवडतं. फक्त बोट लावू नका.

भेटू पुढच्या भागात!