कामगारांची थडगी

प्राचीन थडगी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्री झाले. वाचताना एक प्रश्न नेहमी पडे : राबणारी माणसे स्वतः कोठे पुरली गेली? युरोपातील दोन उत्खननांनी त्याचे काहीसे उत्तर दिले आहे.

पहिले ठिकाण ऑस्ट्रियातील हालश्टाट. तेथील मिठाच्या खाणीचाच एक अधिकारी, योहान रामसाउअर, याने १८४६ ते १८६३ या काळात खाणीजवळची सुमारे ९८० थडगी उकलली आणि त्यांची रंगीत चित्रेही करवून घेतली. थडगी इसवी सनापूर्वी ८०० ते ४०० च्या सुमाराची. मिठाच्या मोबदल्यात आलेले अंबर आणि हस्तिदंत त्यांत सापडले. लिपी नसल्यामुळे मृतांची नावे मात्र नाहीत. तरी हाडांवर कामाची नोंद राहिली. पुढे शास्त्रज्ञांनी सांगाडे तपासले, तेव्हा पुरुषांच्या हाडांवर सतत घाव घालण्याच्या, तर स्त्रियांच्या हाडांवर ओझी वाहण्याच्या खुणा आढळल्या. लहान मुलांच्या मानेचे मणकेही झिजलेले होते!

दुसरे ठिकाण रोमच्या बंदराजवळील इझोला साक्रा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्वीदो काल्झा यांनी येथे रोमन काळातील विटांची थडगी खणून काढली. ती सरदारांची नव्हेत. बंदरावर पोट भरणाऱ्या कष्टकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. स्क्रिबोनिया आत्तिके या सुईणीच्या थडग्यावर ती बाळंतपण करीत असल्याचे भाजलेल्या मातीचे शिल्प आहे. ज्याने आपली हत्यारे कोरून घेतली, असा लोहारही तेथे आहे. पण या घरासारख्या थडग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गरिबांना पुरले आहे. खूण म्हणून मातीच्या रांजणाची मान तेवढी जमिनीवर. नाव नाही.

मग गरिबाने काय करावे? याचे उत्तर रोमजवळच्याच लानुवियम येथे १८१६ साली सापडलेल्या शिलालेखात आहे. इसवी सन १३६ मधील ही एका मंडळाची नियमावली. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक रांजण. महिन्याची वर्गणी ५ आस, म्हणजे तांब्याची पाच नाणी. सभासद वारला की अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. गुलामही सभासद होत. गुलामाच्या मालकाने आकसाने प्रेत दिले नाही, तर मंडळाने त्याची प्रतिमा करून तिचा अंत्यविधी करावा, असे कलम त्यात आहे.

ते कलम प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो. काही वर्षांपूर्वी आमचा एक कंत्राटी सभासद गटारात उतरला आणि गुदमरून मेला. ठेकेदार म्हणाला, “हा आमचा माणूसच नव्हे, हजेरीपटावर नाव कोठे आहे?” अंत्यविधीचा खर्च आम्ही वर्गणीतून केला. भरपाईसाठी मात्र तो कामावर होता हे आधी सिद्ध करावे लागले. त्याच्याबरोबरच्या चौघांनी साक्ष दिली, युनियनच्या पावतीपुस्तकात त्याचे नाव निघाले, आणि त्याच्या बायकोला दावा लावता आला.

लानुवियमच्या त्या सभासदांना आमची ही गोष्ट सांगितली असती, तर ती फारशी समजावून द्यावी लागली नसती.