झोपलेल्या यंत्रांना जागे करणारे

इतिहास शिकवताना मला एक गोष्ट कायम खटकत असे. गड कुणी जिंकला हे पाठ्यपुस्तकात असते, पण त्या गडाचा दरवाजा रोज पहाटे कोण उघडत होते हे नसते. संगणकाच्या इतिहासाचेही तसेच आहे. मोठमोठी गणिते कोणत्या यंत्राने सोडवली हे सगळे सांगतात. पण कोऱ्या यंत्राला पहिल्यांदा जागे कोण करते? आणि त्या जागे करणाऱ्यालाच बदलायची वेळ आली तर काय करतात? आज त्याविषयी थोडेसे.

आधी शब्दांचा उलगडा करतो. खासगी क्लाउड म्हणजे एखाद्या संस्थेने स्वतःच्या यंत्रांवर स्वतःसाठी उभारलेली संगणकसेवा. तिथे बहुधा एका मोठ्या संगणकाचे आभासी भाग पाडून ते मागणाऱ्यांना देतात. पण कधी कुणाला अख्खे यंत्रच हवे असते. अशा, आत काहीही नसलेल्या यंत्राला 'बेअर मेटल' म्हणतात. ते दुरूनच चालू करायचे, त्याची डिस्क पुसायची, तीवर ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची आणि यंत्र मागणाऱ्याच्या हवाली करायचे, या कामाला म्हणायचे प्रोव्हिजनिंग. माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. तो म्हणतो, "मामा, यंत्रं शेकडो, पण हात एकालाही लावायचा नाही."

ही कथा बरीच जुनी आहे. मे १९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक हे यंत्र चालू झाले. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून ते प्रोग्रॅम वाचत असे. पण पट्टी वाचायची कशी, हेही त्याला आधी कुणीतरी सांगायला हवे! त्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञा लिहिल्या आणि त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्यासारख्या फिरत्या स्विचांवर तारांनी कायमच्या बसवल्या. बटण दाबले की त्या यंत्राच्या स्मृतीत उतरत आणि पुढचे सगळे वाचून घेत. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या ३१ आज्ञांच्या जागी ४१ आल्या. सोय वाढली, पण प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धतही बदलली. यंत्र एकच होते आणि वापरणारे थोडके, त्यामुळे निभावले.

पुढे यंत्रे वाढली आणि तारांनी एकमेकांना जोडली गेली. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी 'बूटपी' नावाची पद्धत मांडली. नुकतेच जागे झालेले यंत्र जाळ्यावर हाक मारते, "माझा पत्ता काय? आणि माझी फाइल कुठे ठेवली आहे?" कुणीतरी सर्व्हर त्याला उत्तर देतो. १९९३ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली, डीएचसीपी. आता गंमत पाहा. नव्या पद्धतीने निरोपाचा जुना साचा मोडला नाही. रकाने तेच ठेवले, पोर्टचे क्रमांकही तेच, आणि जे नवे सांगायचे ते साच्याच्या शेवटच्या मोकळ्या जागेत घातले. का? कारण वाटेत ठिकठिकाणी जुने निरोप पुढे पोचवणारी यंत्रे बसलेली होती. ती सगळी एका रात्रीत बदलणे कुणालाच शक्य नव्हते. १९९९ च्या सुमारास इंटेलने पुढे आणलेली पीएक्सई ही जागे करण्याची रीतही याच पायावर उभी आहे. आजही बहुतेक ठिकाणी पीएक्सईने उठणाऱ्या सर्व्हरच्या पहिल्या हाकेचा साचा १९८५ चाच असतो.

आता खासगी क्लाउडकडे वळू. २०१० साली अमेरिकेची नासा ही संस्था आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी मिळून ओपनस्टॅक हा खुला प्रकल्प सुरू केला. जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये आपला क्लाउड त्यावर चालू केला. कोऱ्या यंत्रांसाठी ओपनस्टॅकमध्ये आधी एक जोडकाम होते. त्याच्या जागी आयरॉनिक ही स्वतंत्र सेवा आली आणि २०१५ च्या 'किलो' आवृत्तीत ते जुने जोडकाम काढून टाकले. आयरॉनिकमध्ये प्रत्यक्ष राबणाऱ्या भागाचे नाव आहे 'कंडक्टर'. ते वाचून मला आधी एसटीच आठवली! पण एका अर्थी ते बरोबरच आहे. घंटी तोच मारतो आणि कोण चढले, कोण उतरले याचा हिशेबही तोच ठेवतो.

या कंडक्टरची आवृत्ती बदलायची तेव्हा अडचण कुठे येते? जी यंत्रे आधीच कामाला लागली आहेत त्यांचे काही बिघडत नाही, ती आपली चालूच राहतात. धोका असतो तो नेमक्या त्या घटकेला तयार होत असलेल्या यंत्रांना. डिस्कवर लिहिणे अर्ध्यावर असताना कंडक्टर बंद केला, तर ते यंत्र 'तैनाती फसली' अशा नोंदीत जाऊन पडते आणि माणसाला पुन्हा लक्ष घालावे लागते. म्हणून जाणते लोक आधी हातातली कामे संपू देतात.

२०१७ च्या 'पाइक' आवृत्तीपासून आयरॉनिकमध्ये सेवा चालू ठेवून टप्प्याटप्प्याने बदल करण्याची सोय झाली. नवा कंडक्टर आला तरी त्याला सांगून ठेवतात, की तूर्त तू जुनीच भाषा बोल. एकेक करून सगळे कंडक्टर बदलतात, मग बाहेरच्या विनंत्या घेणारा भाग बदलतात. सगळे नवे झाले की ते बंधन काढतात आणि जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या रूपात आणतात.

माझ्या पिढीच्या वाचकांना यातले काही ओळखीचे वाटेल. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. तेव्हा आणे लगेच बाद झाले नाहीत. दोन्ही नाणी काही वर्षे बाजारात एकत्र नांदली आणि सोळा आण्यांचे शंभर पैसे हा हिशेब दुकानदाराला तोंडपाठ करावा लागला. त्या काळात नाण्यावर 'नया पैसा' असे लिहिलेले असे. १९६४ साली, सगळ्यांना सवय झाल्यावर, त्यातला 'नया' गळाला. 'चार आणे' हा शब्द मात्र पुढे कितीतरी वर्षे आपल्या तोंडी राहिला.

बदल नको म्हणून बसणाऱ्यांनाही इथे सुटका नाही. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. बरीच वर्षे एकेक पायरी चढावी लागे, मधली गाळता येत नसे. २०२३ च्या 'अँटेलोप'पासून वर्षातून एकदाच आवृत्ती बदलली तरी चालेल, अशी सवलत मिळाली. पण जो चार-पाच वर्षे थांबतो, त्याच्या पुढ्यात सगळा जिना एकदम उभा राहतो.

मला यातून दिसते ते असे. नव्याने येताच स्वतःचीच भाषा रेटली की मधल्या मध्ये लटकतो तो अर्धवट तयार झालेला जीव, मग तो सर्व्हर असो की नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. जुन्याची भाषा काही काळ बोलायची तयारी नव्याने दाखवली, तर बदल झाला हे बाहेर कुणाला कळतही नाही. आणि कुणाला कळले नाही म्हणूनच बहुधा इतिहासात त्याची नोंद होत नाही. निदान इथे तरी व्हावी, म्हणून हा प्रपंच.