मेहरानगडावरील पागोटी

जोधपूरचा मेहरानगड राव जोधाने १४५९ मध्ये बांधावयास घेतला. गडावर तोफा पुष्कळ आहेत. पण मी रमलो तो तेथल्या संग्रहालयातील पागोट्यांत. आमची पुणेरी पगडी आयती, डोक्यावर ठेवली की झाले! मारवाडात लांबलचक कापड घेऊन पेच रोज स्वतः घालावयाचे. पाग अरुंद नि लांब, साफा रुंद नि आखूड. माणसाचा मुलूख, जात, ऋतू, घरचे लग्न की सुतक, सारे पागोट्यावरून ओळखावे. श्रावणात तिरक्या पट्ट्यांचा लहरिया, शोकात पांढरे.

पुरुषांचा थाट असा चारचौघांत मिरवण्याचा. राण्या मात्र पडद्यात. जनानखान्याच्या दगडी जाळीतून त्यांनी जग पाहावे, जगाने त्यांचा पदरही पाहू नये. बाहेर दिसतात ते त्यांचे हात. लोहापोळ दरवाजाजवळच्या भिंतीवर लहान लहान पंजे कोरलेले आहेत. महाराजा मानसिंग १८४३ मध्ये वारले, तेव्हा सती गेलेल्या राण्यांच्या या खुणा. बेंटिंकचा १८२९चा सतीबंदीचा कायदा संस्थानांना लागू नव्हता. पंज्यांना शेंदूर फासलेला आहे, वर्खही लावलेला आहे. येणारेजाणारे नमस्कार करीत होते. माझे हात काही जोडले गेले नाहीत.