गाडा घाटात आला!

दिवाळीच्या सुट्टीत घरात मुले जमली की अंगणातला मातीचा किल्ला एकट्या मावळ्यांचा राहत नाही. मावळे बाजूला सरकतात आणि त्याच्या उतारावरून खेळण्यातल्या मोटारी सुटू लागतात. गेल्या दिवाळीत आमच्या दौंडच्या घरी अशीच शर्यत रंगली होती आणि पंच म्हणून मला पायरीवर बसवण्यात आले होते. धाकटा नातू मोठ्या अधिकाराने सांगत होता, "आजोबा, ही टूरिंग कारची शर्यत आहे. हिच्यात मुद्दाम शर्यतीसाठी घडवलेली मोटार चालत नाही. लोक घरी वापरतात त्याच जातीची मोटार थोडी सुधारून पळवायची. आज ह्या गावी, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी, आणि शेवटी सगळे गुण मोजायचे."

मी म्हटले, "अरे, हे तर माझ्या आजोळी चालायचे! फक्त आमच्या गाडीला इंजिनाच्या जागी चार बैल होते."

पोरे हसली, पण मी थट्टा करीत नव्हतो. घरच्या वापरातल्या मोटारींची अशी मालिका इंग्लंडात १९५८ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ ह्या दोघांचे गुण अगदी सारखे भरले. तेव्हा दोन सारख्या रायली मोटारी आणून दोघांना पाच-पाच फेऱ्या पळवले, मग मोटारींची अदलाबदल करून पुन्हा पळवले. आणि सीअर्स अवघ्या १.६ सेकंदांनी जिंकला. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर अॅम्बॅसिडर, फियाट, हेरल्ड अशा रोजच्या मोटारी धावत. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ शर्यतीचा पक्का मार्गच तयार झाला. ह्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच साधी जिज्ञासा आहे : माझ्या दारात उभी असते ती चांगली, की तुझ्या दारात उभी असते ती? शिरूरच्या शेतकऱ्याला हीच जिज्ञासा आपल्या गोठ्याकडे बघून होत असे.

भीमेच्या अलीकडे आमचा दौंड तालुका, पलीकडे शिरूर. दौंडकडे नदीकाठची सपाट, काळी, उसाची जमीन. शिरूरच्या उत्तरेला घोडनदी धरून वर जाऊ लागले की माळ आणि टेकाडे लागतात. तिथे, आणि शेजारच्या आंबेगाव, खेड, जुन्नर ह्या तालुक्यांत, गावाच्या कडेला एक चढाची वाट राखलेली असते. दोन्ही अंगांना माणसांची भिंत उभी राहावी अशी तिची ठेवण. हिलाच घाट म्हणतात. परका माणूस घाट म्हटल्यावर नदीच्या पायऱ्या शोधील. तिथला पोरगा मात्र थेट ह्या चढाकडे बोट दाखवील.

सातारा-सांगलीकडे सपाट रानात दोन-दोन बैलांचे छकडे एकदम सुटतात. विदर्भात शंकरपट भरतो. पुणे जिल्ह्याचा बैलगाडा ह्या दोहोंपेक्षा निराळा. इथे एका वेळी एकच गाडा धावतो आणि त्याला चार बैल जुंपलेले असतात. पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरेची. गाडा इतका हलका, की त्याला ओझे म्हणू नये. त्यावर हाकणारा बसत नाही. पुढे एक घोडीस्वार दौडतो आणि त्याच्या मागे बैल वर झेपावतात. कर्ण्यावरून "भिर्रर्र" अशी आरोळी उठते, भंडारा उधळतो, आणि बारा-तेरा सेकंदांत सारे संपते! वर्षभर पेंड, मटकी आणि बाजरीचा घास भरवायचा तो ह्या बारा सेकंदांसाठी. गाडा शर्यत करतो ती शेजारच्या गाड्याशी नव्हे, घड्याळाशी. म्हणूनच पहिला आणि दुसरा ह्यांच्यात कित्येकदा सेकंदाच्या काही भागांचेच अंतर राहते.

आणि ही फिरती मालिकाच होती. पौष-माघापासून वैशाखापर्यंत जत्रांचा हंगाम. आज निमगावच्या खंडोबाला, उद्या थापलिंगाला, परवा आणखी कुठल्या ग्रामदैवताला, असे गाडामालक गावोगाव फिरत. गुणांचा तक्ता नव्हता, पण कोणाच्या बैलाने कुठल्या घाटात किती सेकंद घेतले, हे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे. माझ्या लहानपणी आजोळचा जो बैल जत्रेत घाट चढे, तोच चार दिवसांनी मोटेला किंवा नांगराला दिसे. शर्यत ही त्याची सुट्टी होती, नोकरी नव्हती.

पुढे विहिरीवर विजेचा पंप बसला. नांगराला ट्रॅक्टर आला. पाटसच्या भीमा कारखान्याकडे आणि न्हावऱ्याच्या घोडगंगेकडे जाणारा ऊस बैलगाडीबरोबरच ट्रक-ट्रॅक्टरनेही जाऊ लागला. बैलाचे एकेक काम सुटत गेले आणि शर्यत तेवढी उरली. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६ कोटी ७९ लाख नर गोवंश होता. २०१९ च्या गणनेत तो ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत दोन कोटींची घट! ह्याच काळात गाई मात्र वाढल्या. कारण उघड आहे : गाय दूध देते.

नेमक्या ह्याच काळात शर्यतीवर न्यायालयात वाद उभा राहिला. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. मग काही काळ बंदी, काही काळ सशर्त परवानगी, असे चालले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचे जल्लिकट्टू आणि आपल्या शर्यती दोन्ही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हे त्या निकालातले एक प्रमुख कारण. निकालाने गाडामालक संतापले. पण प्रामाणिकपणे बोलायचे, तर शेपूट पिरगाळणे, खिळा टोचणे, काठीने बडवणे हे प्रकार मी स्वतः घाटाच्या कडेला उभा राहून पाहिले आहेत, आणि तेव्हा इतरांबरोबर टाळ्याही वाजवल्या आहेत. न्यायाधीशांना ते दिसले आणि आम्हांला दिसले नाही, ह्यात दोष न्यायाधीशांचा नाही.

घाट ओस पडले. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलाला क्लेश देता कामा नये, नियम मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. नियमांत धावेचे अंतर १००० मीटरच्या आत ठेवले गेले. परंतु त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शिरूरच्या गावोगाव त्या दिवशी गुलाल उडाला असेल, तर नवल नाही.

बंदी उठल्यावर घाट पुन्हा फुलले आणि बक्षिसांना तर पंखच फुटले. पूर्वी नारळ आणि फेटा मिळाला की मालक धन्य होई. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला जी शर्यत झाली, तिचे पहिले बक्षीस होते जेसीबी यंत्र. शिवाय बोलेरो मोटार, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली. बैलाने जिवाच्या कराराने धावावे आणि जिंकून काय आणावे, तर स्वतःचे उरलेसुरले काम हिरावून घेणारा ट्रॅक्टर! ह्याच्यावर हसावे की रडावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गाडामालक म्हणतात, "शर्यत आहे म्हणून खिल्लार जगली." हे खरे आहे. त्या उंच, पांढऱ्या, तलवारीसारख्या शिंगांच्या बैलाला लाखाची किंमत येते ती घाटामुळेच. प्राणिमित्र म्हणतात, "मुक्या जिवाला करमणुकीसाठी का छळता?" हेही खरे आहे. मात्र बैल शेतात राबत होता तोवर शर्यतीत हरला तरी त्याची दावण सुटत नव्हती. दुसऱ्या दिवशी नांगर त्याची वाट बघत असे. आज हरलेल्या बैलाची वाट कोण बघतो? कायद्याने घाटातल्या बारा सेकंदांपुरता त्याचा विचार केला, आणि तो करायलाच हवा होता. उरलेल्या वर्षाचा आणि त्याच्या म्हातारपणाचा विचार मात्र मालकाच्या गोठ्यावरच सोपवलेला आहे.

किल्ल्यावरची शर्यत संपली तेव्हा मी मुलांना हे सारे सांगितले. मोठी मुले सेकंदांचे हिशोब विचारीत राहिली. धाकट्याने आपली मोटार उचलून डब्यात ठेवली आणि विचारले, "आजोबा, तुमच्या आजोळचा बैल म्हातारा झाल्यावर काय झालं?"

मी म्हटले, "तो गोठ्यातच गेला. परड्यात चिंचेखाली त्याला पुरला. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत."

"मग तो जिंकला होता का कधी?"

मला आठवेना. खरेच आठवेना. घाटातले त्याचे सेकंद पारावरच्या म्हाताऱ्यांबरोबर गेले. चिंच मात्र अजून उभी आहे.