लेबलवर नाव कोणाचे? लेड झेपलिन, विली डिक्सन आणि रॉकचा 'महान' इतिहास

लेड झेपलिन मोठे की रोलिंग स्टोन्स? झेपलिनचा दुसरा अल्बम भारी की चौथा? रॉक ऐकणाऱ्या पोरांमध्ये हा वाद कधी संपत नाही. होस्टेलच्या गच्चीवर आम्हीही तो रात्र रात्र घातला आहे. वस्तीतून शहरात शिकायला आलेल्या पोराला हे संगीत उशिरा भेटते आणि भेटले की डोक्यात जाते. माझ्याही गेले. झेपलिनचा काळा टी-शर्ट विटून राखाडी झाला तरी मी तो टाकला नव्हता. पण एवढ्या वादात आमच्यापैकी एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही. रेकॉर्डच्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत जी नावे असतात, ती कोणाची? आणि तिथे कोणाचे नाव असायला हवे होते?

२२ ऑक्टोबर १९६९ ला 'लेड झेपलिन टू' बाजारात आला. काही आठवड्यांतच त्याने बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. त्याचे पहिलेच गाणे 'होल लॉटा लव्ह'. गिटारची ती सुरुवात ऐकली नाही असा रॉकचा चाहता शोधून सापडणार नाही. लेबलवर लेखक म्हणून चार नावे होती : पेज, प्लांट, जोन्स, बॉनम. चौघेही गोरे, चौघेही इंग्रज.

आता सात वर्षे मागे जाऊ. १९६२ मध्ये शिकागोच्या चेस रेकॉर्ड्समध्ये मडी वॉटर्सने 'यू नीड लव्ह' नावाचे गाणे रेकॉर्ड केले होते. लिहिणारा विली डिक्सन. दोन्ही गाणी एकापाठोपाठ लावा. शब्द तेच, त्यांची फेक तीच, अर्जवही तेच. मधल्या काळात, १९६६ मध्ये, स्मॉल फेसेस या दुसऱ्या इंग्लिश बँडने हेच गाणे 'यू नीड लव्हिंग' म्हणून आपल्या नावावर काढले होते. म्हणजे झेपलिनपर्यंत पोहोचेतो माल एकदा लुटला गेलाच होता.

न्यायाने बोलायचे तर गिटारची ती प्रसिद्ध ओळ जिमी पेजची आहे. बॉनमचे ड्रम बॉनमचेच आहेत. मधला तो विचित्र, भोवळ आणणारा आवाजांचा तुकडा डिक्सनच्या गाण्यात कुठेही नाही. झेपलिनने काहीच केले नाही असे म्हणणारा गाणे ऐकलेला माणूस नव्हे. पण गाण्याला शब्द असतात आणि ते कोणीतरी लिहिलेले असतात. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या पहिल्या अल्बमवर याच बँडने डिक्सनची दोन गाणी त्याचे नाव छापून घेतली होती. म्हणजे डिक्सन कोण हे त्यांना ठाऊक नव्हते, ही पळवाटही बंद होते. जानेवारीत आठवणारे नाव ऑक्टोबरात विसरले जाते, ते का?

कोण होता हा विली डिक्सन? १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या विक्सबर्ग गावी जन्म. आईला बोलता बोलता यमके जुळवायची सवय, तीच पोराला लागली. पोरवयातच कैद्यांकडून राबवून घेणाऱ्या शेतांवर शिक्षा भोगून झाली. १९३६ मध्ये शिकागो गाठले. देह धिप्पाड, म्हणून मुष्टियुद्धात उतरला आणि पुढच्याच वर्षी इलिनॉयची हौशी हेवीवेट स्पर्धा जिंकली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीचे बोलावणे आले तेव्हा त्याने नकार दिला. ज्या देशात माझ्या माणसांना माणूस मानत नाहीत त्या देशासाठी मी का लढू, असा त्याचा सवाल होता. त्यासाठी दहा महिने तुरुंगात काढले. पुढे चेसमध्ये तो गाणी लिही, बास वाजवी, वादक जमवी, रेकॉर्डिंग सांभाळी. 'हूची कूची मॅन', 'स्पूनफुल', 'बॅक डोअर मॅन', 'लिटल रेड रूस्टर' ही सगळी त्याची. शेवटचे गाणे रोलिंग स्टोन्सने १९६४ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. त्यावर डिक्सनचे नाव होते, हेही नोंदवले पाहिजे. क्रीम, डोअर्स, स्टोन्स, झेपलिन या सगळ्यांच्या पायाखालची फरशी एका माणसाने बसवली आहे. त्यांच्यावर पुस्तकांचे ढीग पडले. डिक्सनचे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

'होल लॉटा लव्ह'मधले आपले गाणे त्याच्या लक्षात आणून दिले ते त्याच्या लेकीने. १९८५ मध्ये त्याने दावा लावला तेव्हा तो सत्तरीत होता. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि लेबलवर पाचवे नाव चढले. गाणे बाजारात येऊन अठरा वर्षे झाली होती. रॉबर्ट प्लांटने पुढे एका मुलाखतीत हसत हसत कबुली दिली, तिचा मथितार्थ असा की यश मिळाले की मगच माणूस पकडला जातो, हा खेळच तसा आहे. खेळ! ज्याचा घाम गेला त्याला विचारा खेळ कोणता ते.

इथे झेपलिनचा चाहता एक युक्तिवाद करतो आणि तो फालतू नाही, म्हणून त्यावर थांबू या. तो म्हणतो, ब्लूज हे लोकसंगीत आहे. तिथे सगळेच एकमेकांकडून घेतात. खुद्द डिक्सनच्या गाण्यांत जुन्या म्हणी, जुने तुकडे आहेत. मग झेपलिननेच काय पाप केले?

पहिला भाग खरा आहे. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत गाण्याची कडवी तोंडोतोंडी फिरत, कोणाचे काय हे कोणी विचारत नसे. पण देवघेव होते ती बरोबरीच्या माणसांत. तू माझे कडवे घे, मी तुझी चाल घेतो. दोघेही सकाळी त्याच शेतात राबायला जाणार. त्यात मध्येच एक जण येतो, सगळ्यांच्या मालकीची वस्तू उचलतो, कायद्याच्या कार्यालयात स्वतःच्या नावाने नोंदवतो आणि त्यानंतर ती गाणाऱ्या प्रत्येकाकडून पैसे घेतो, तेव्हा ती देवघेव राहत नाही. परंपरा सगळ्यांची आणि सातबारा मात्र एकाच्या नावावर, ही रीत आपल्याला समजावून सांगावी लागू नये.

हाच प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे, नाहीतर आपण दुसऱ्याचे कुसळ मोजत बसू. आपल्या जलशांनी, आपल्या भीमगीतांनी दुसऱ्यांच्या चाली घेतल्या नाहीत का? भरपूर घेतल्या. चित्रपटाची गाजलेली चाल उचलायची आणि तिच्यात बाबासाहेब गायचे, म्हणजे शब्द लोकांच्या तोंडी लगेच बसतात. पण जयंतीच्या मंडपाबाहेर विकायला ठेवलेली गाण्यांची स्वस्त पुस्तिका उघडून पाहा. गाण्याच्या डोक्यावर छापलेले असते 'चाल :' आणि पुढे मूळ गाण्याचे नाव. कोणत्या वकिलाने सांगितले म्हणून ते छापत नाहीत. गाणाऱ्याला चाल कळावी इतकाच त्याचा हेतू, पण उसने घेतले आहे हे त्यात आपोआप कबूल होते. लाखो प्रती खपवणाऱ्या, पदरी वकील बाळगणाऱ्या कंपनीला जे अठरा वर्षे जमले नाही, ते त्या पुस्तिकेच्या छापखान्याला जमत होते.

लुटणारे फक्त इंग्रज पोरे होती असेही नाही. चेस रेकॉर्ड्सचे मालक बंधू पोलंडमधून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. त्यांनी काळ्या कलावंतांना रेकॉर्ड करायला जागा दिली हे खरे. आणि गाण्यांचे प्रकाशनहक्क आर्क म्युझिक या कंपनीकडे ठेवले, तिच्यात त्यांचीच भागीदारी होती, हेही खरे. १९७२ मध्ये झेपलिनच्या दुसऱ्या अल्बममधल्याच आणखी दोन गाण्यांवरून दावा झाला : 'ब्रिंग इट ऑन होम' डिक्सनचे, 'द लेमन साँग'चा मोठा भाग हाउलिन वुल्फच्या 'किलिंग फ्लोर'चा. दावा करणारी होती आर्क. म्हणजे चोराला पकडायला सावकार गेला. पुढे डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना त्या सावकारावरच दावा लावून आपले हक्क सोडवावे लागले. त्यानंतर डिक्सनने म्हाताऱ्या ब्लूज कलावंतांना त्यांचे बुडालेले मानधन मिळवून देण्यासाठी ब्लूज हेवन ही संस्था काढली. तो १९९२ मध्ये गेला. शिकागोत २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू इथली चेसची जुनी इमारत आज त्याच संस्थेकडे आहे. गाणी जिथे गहाण पडली तीच जागा. या संपूर्ण कहाणीत मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच आहे.

झेपलिनच्या चौथ्या अल्बमवर मात्र एक नाव पहिल्यापासून छापलेले आहे. १९७१ च्या या अल्बमचे शेवटचे गाणे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. त्यातल्या ड्रमच्या आवाजावर रॉकवाले तासन्‌तास बोलतात. ड्रम जुन्या बंगल्याच्या जिन्याखाली ठेवले होते, माइक वर टांगले होते, वगैरे. गाणे कशावर आहे हे मात्र कोणी सांगत नाही. ते १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर आहे. बांध फुटू नये म्हणून काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने रेतीची पोती वाहायला लावले. बांध फुटल्यावर ग्रीनव्हिल गावात गोऱ्यांना बोटींनी हलवले आणि हजारो काळी माणसे बांधावरच्या छावणीत अडकवून ठेवली. ती एकदा गेली तर परत येणार नाहीत, मग आमचा कापूस कोण वेचणार, ही मळेवाल्यांची चिंता. गळ्यात बिल्ला असेल तर शिधा. वेठ याहून वेगळी असते का?

त्या पुरावर १९२९ मध्ये कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने हे गाणे रेकॉर्ड केले. झेपलिनने मेम्फिस मिनीचे नाव दिले. रेकॉर्डवर ज्याचा गळा आहे त्या जोचे दिले नाही. तो १९५० मध्येच वारला होता. मिनी १९७३ मध्ये मेम्फिसच्या एका शुश्रूषागृहात पक्षाघाताने खंगून, गरिबीत गेली. तिच्या थडग्यावर दगड बसला १९९६ मध्ये, तोही बॉनी रेट या गायिकेने खर्च केला म्हणून.

कायदा सगळ्यांना सारखा लागतो असे ज्यांना वाटते त्यांनी आणखी एक खटला पाहावा. १९९१ मध्ये बिझ मार्की या काळ्या रॅपरने गिल्बर्ट ओ'सलिव्हन या गोऱ्या गायकाच्या गाण्याचा छोटा तुकडा परवानगीशिवाय वापरला. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने निकालाच्या पहिल्याच ओळीत बायबलमधली चोरीविरुद्धची आज्ञा सुनावली आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवले. चारच वर्षांपूर्वी डिक्सनचे प्रकरण बंद दाराआड तडजोडीने मिटले होते. एकाचे घेणे 'प्रभाव', दुसऱ्याचे घेणे चोरी. शब्दकोशसुद्धा वर्ण बघून उघडतो.

मग 'महान' कोण हे ठरवते कोण? १९६७ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिक काढणारा आणि पुढे रॉकच्या 'हॉल ऑफ फेम'च्या संस्थापकांत असणारा जान वेनर. २०२३ मध्ये त्याचे 'द मास्टर्स' हे मुलाखतींचे पुस्तक आले. सात 'महागुरू', सातही गोरे पुरुष. एकही काळा नाही, एकही बाई नाही, असे का, हे विचारल्यावर त्याच्या उत्तराचा आशय असा होता की काळे कलावंत त्या पातळीवर विचार नीट मांडू शकत नाहीत. दुसऱ्याच दिवशी हॉल ऑफ फेमच्या मंडळावरून त्याला काढले. त्याने माफीही मागितली. पण पन्नासेक वर्षे कोणता अल्बम थोर आणि कोणता किरकोळ हे ज्या मासिकाने जगाला सांगितले, त्याच्या मालकाच्या मनातली मोजपट्टी ही होती. आपल्याकडे तिला 'मेरिट' म्हणतात. विली डिक्सनला विचार मांडता येत नव्हता म्हणे! त्याचेच शब्द तर प्लांट गात होता.

काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते टी-शर्टपुरते नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, आणि हे नाव कुठून आले ते पँथरने कधी लपवले नाही.

त्याच १९७२ मध्ये पेज आणि प्लांटही मुंबईत होते. कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात ते वाजवून गेले, त्याचे किस्से मुंबईचे जुने रॉकवाले अजून सांगतात. त्या मुक्कामात त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपली 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी रेकॉर्ड केली. तबला आहे, सारंगी आहे, आणि ऐकायला फार सुंदर आहेत. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. गाण्यांच्या नावापुढे लिहिले आहे, 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.