काळवत्थर, भट्टी आणि काच

शाहपुऱ्याच्या तलावाकाठी सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भोपाळ हे दोन खडकांच्या सीमेवर वसलेले शहर आहे. एकीकडे विंध्याचा तांबूस वालुकाश्म. सांचीची तोरणे आणि भीमबेटकाची शैलाश्रये या जातीच्या दगडाची. दुसरीकडे माळव्याच्या काळ्या मातीखाली पसरलेला काळवत्थर, म्हणजेच बेसाल्ट. हा दुसरा दगड आपला जुना सोयरा. वेरूळचे कैलास लेणे त्यातच कोरलेले आणि आपल्या आजीचे जातेही त्याचेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे हे थर आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत.

‘लाव्हाचे थर’ असे आपण आज सहज म्हणून जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र एवढे म्हटले की विद्वानांत वादाला तोंड फुटत असे. जर्मनीतील फ्रायबर्गचे वेर्नर शिकवीत की, काळवत्थर आदिम सागराच्या पाण्यातून साक्यासारखा खाली बसला. एडिंबरोचे जेम्स हटन म्हणत की, तो अग्नीतून जन्मला. हटनच्या प्रतिपक्षाजवळ एक बिनतोड वाटणारा प्रश्न होता. भट्टीत वितळविलेला दगड निवाला की त्याची काच होते. मग काळवत्थर काचेसारखा न होता कणीदार का?

उत्तर मिळाले ते लीथ बंदरातील काचेच्या कारखान्यात. तेथे बाटल्यांच्या हिरव्या काचेचा एक मोठा गोळा भट्टीतच सावकाश निवत राहिला होता आणि त्याची काच राहिली नव्हती. तो दगडासारखा अपारदर्शक झाला होता. तोच पुन्हा वितळवून झटपट थंड केला, तर पूर्ववत् काच! हटनचे तरुण मित्र सर जेम्स हॉल यांनी यातील मर्म ओळखले. परंतु पृथ्वीच्या उदरातील प्रचंड घडामोडींचा न्याय एवढ्याशा मुशीने करावा, हे हटन यांना रुचणारे नव्हते. हॉल थांबले. हटन १७९७ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी हॉल यांनी आपले प्रयोग एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. एडिंबरोच्या परिसरातील काळा दगड वितळवून एकदम निवविला तर काच, सावकाश निवविला तर पुन्हा दगड. गुरूच्या हयातीत मौन आणि पश्चात त्याच्याच मताचे समर्थन, ही गुरुभक्ती मला फार लोभस वाटते.

काचेचे असे रूपांतर युरोपला अगदीच अपरिचित नव्हते. पहिल्या बाजीरावाने याच भोपाळपाशी निजामाला कोंडून जानेवारी १७३८ मध्ये दुराहासराईचा तह करून घेतला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी काचेच्या बाटल्या वाळू आणि जिप्सम यांत पुरून कित्येक दिवस तापविल्या व त्या चिनी मातीसारख्या पांढऱ्या झाल्याचे जाहीर केले. पण ही क्रिया त्यांच्या ताब्यात आली नाही.

हॉलनंतरचा प्रयोग ग्रेगरी वॉट यांचा, वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॉट यांच्या पुत्राचा. त्यांनी सुमारे साडेतीनशे किलो बेसाल्ट एकाच भट्टीत वितळविला आणि आठ दिवस निवू दिला. काळ्या काचेत आधी बारीक गोल गाठी कशा उमटतात, त्या वाढून एकमेकींना कशा भिडतात आणि शेवटी सगळा दगड कसा होतो, हे त्यांनी १८०४ साली लिहून ठेवले. त्याच वर्षी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

येथे लोखंडाविषयी सांगितले पाहिजे. १९०८ साली पैसा फंडाने तळेगावला काचेचा कारखाना काढला, तो या काळ्या पाषाणाच्या मुलुखातच. पण स्वच्छ काचेस हा पाषाण निरुपयोगी, कारण त्यातील लोह काचेला काळी करते. काचकाराचा हा वैरी स्फटिककाच बनविणाऱ्याचा मात्र मित्र ठरतो. बेसाल्ट सुमारे १३०० अंशांवर वितळवून काच करावयाची, नंतर ती पुन्हा ७०० अंशांच्या आसपास तापवावयाची. त्या वेळी लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकी कण काचभर उमटतात. उष्णता ९०० अंशांकडे नेली की त्या बीजांभोवती पायरॉक्सीनचे बारीक स्फटिक दाट वाढतात.

बीज पेरून स्फटिक उगविण्याची ही युक्ती सापडली तीही अपघाताने. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग येथे स्टूकी यांच्या भट्टीचा पारा ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेला. काचेचे पाणी झाले असेल अशा भयाने त्यांनी दार उघडले, तो आत पांढरी, अखंड वडी! चिमट्यातून ती खाली पडली, पण फुटली नाही. ती काच लिथियमची होती. पुढे त्याच संस्थेतील बील आणि रिटलर यांनी १९७६ साली बेसाल्टच्या स्फटिककाचेवर प्रबंध प्रसिद्ध केला.

वितळवून साच्यात ओतलेला बेसाल्ट त्याआधीपासूनच युरोपात वापरात होता. आपल्याकडे औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाची राख पाण्याबरोबर नळांतून वाहून नेतात. ती राख पोलादालाही खरवडून काढते. म्हणून त्या नळांना आतून ओतीव बेसाल्टचे अस्तर देतात. आजीच्या जात्याला अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागे. या अस्तराला मात्र गुळगुळीत राहणेच मानवते.